आचारी पाहिजे

आमच्या बँकेत साहेब जातात आणि माणसं राहतात. हॉटेलात साहेब राहतो आणि माणसं जातात. बँक आणि हॉटेल या दोन धंद्यांतला हा मूलभूत फरक बी.कॉम.च्या एकाही पुस्तकात दिलेला नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

मी क्लार्क म्हणून चिकटलो तेव्हापासून सात मॅनेजर पाहिले. एक तापट होते, एक थंड होते. एक फाइल वाचून सही करायचे, एक न वाचता करायचे आणि एक नुसतेच वाचायचे, सही करायचेच नाहीत. उरलेले दोन कसे होते हे कळायच्या आत त्यांची बदली झाली. पण या सातांपैकी एकाच्याही स्वभावाला कंटाळून आमच्यातल्या कुणी राजीनामा दिला असं घडलं नाही. का देईल? प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, मेडिकल आणि एल.टी.सी. या चार खांबांना आम्ही असे बांधले गेलो आहोत, की मॅनेजर आमच्या लेखी पावसाळ्यासारखा असतो. आला की छत्री उघडायची, गेला की वाळत घालायची.

हॉटेलातल्या पोऱ्याला यातला एकही खांब नसतो. त्याच्या अंगावर एक शर्ट, खुंटीवर दुसरा आणि खिशात मोबाइल. सोडून जायचं ठरवलं तर त्याला सामान आवरायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात आमच्याकडं डिमांड ड्राफ्टचा फॉर्मसुद्धा भरून होत नाही. म्हणूनच साहेब चांगला की वाईट हे ओळखायचं असेल, तर बँकेत बघू नये, हॉटेलात बघावं. बँकेत ते कळायला ऑडिट लागतं. हॉटेलात ते चहा येईपर्यंत कळतं.

या विषयावर बोलायचा माझा अधिकार खाल्लेल्या मिठाचा आहे. नोकरीतली बरीच वर्षं मी आधी आंबेगाव तालुक्यात मंचरला आणि मग जुन्नर तालुक्यात नारायणगावला काढली. सौभाग्यवती मुलांच्या शाळेसाठी पुण्यात, मी इकडं एका खोलीत. स्वयंपाकात माझी मजल कुकरच्या शिट्ट्या मोजण्यापर्यंत. त्यामुळं सोमवार ते शुक्रवार दोन्ही वेळचं जेवण हॉटेलात. आणि आपल्याकडं हॉटेल म्हणजे झोपायचं ठिकाण नव्हे, खायचं. झोपायचं ते लॉज. इंग्रजांना हा फरक शेवटपर्यंत कळला नाही.

तर हा मुलूख हॉटेलवाल्यांसाठी देवानंच आखलेला आहे. मधून पुणे-नाशिक रस्ता. जुन्नर तालुक्यात ओझरचा विघ्नहर आणि लेण्याद्रीचा गिरिजात्मज, म्हणजे अष्टविनायकांपैकी दोन एकाच तालुक्यात. शिवनेरी आहे, नाणेघाट आहे, पावसाळ्यात माळशेजकडं जाणारी मोटारींची रांग आहे. इकडं मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकर. २०१८ साली सरकारनं जुन्नरला विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं, पण पर्यटक जाहीर होण्याची वाट बघत थांबले नव्हते. ते आधीपासून येतच होते, आणि आल्या आल्या विचारत होते, "मासवडी कुठं चांगली मिळते?"

मासवडीबद्दल परमुलखातल्या वाचकांसाठी दोन शब्द सांगायला हवेत. हिच्यात मासा नसतो. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण यांचं सारण पसरायचं, फडक्यानं गुंडाळी करायची आणि वड्या कापायच्या. मग झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. ऐकायला सोपं वाटतं. पण ती वडी रश्श्यात पडल्यावर अखंड राहिली पाहिजे आणि तोंडात गेल्यावर राहता कामा नये. हे ज्या हाताला जमतं, तो हात हॉटेलात असला तर हॉटेल चालतं. तो हात निघून गेला, की मालकाजवळ फक्त फडकं उरतं.

तर अशा या सुपीक प्रदेशात दर दोन-चार हॉटेलांआड एक पाटी दिसते : 'आचारी, वेटर, भांडीवाला पाहिजे.' पहिल्यांदा मला वाटलं, काय भरभराट आहे! सगळ्यांना माणसं कमी पडताहेत. मग लक्षात आलं, की माणसं कमी पडत नाहीत, गळताहेत. आणि रोज येता-जाता पाट्या वाचून मी एक सिद्धांत बनवला. तो कुणीही फुकट वापरावा. पाटी खडूनं लिहिलेली असेल तर हॉटेलात बिनधास्त शिरावं. एखादा पोरगा लग्नाला गेला असेल, येईल. पाटी ऑइलपेंटनं रंगवलेली असेल तर पुढं चालू लागावं. ज्या मालकाला माणूस कायमचाच हवा असतो, त्याच्याकडं तो कधीच नसतो.

बँकेत माझा काउंटर रोख भरण्याचा. हॉटेलवाले सोमवारी शनिवार-रविवारचा गल्ला भरायला येतात आणि जाताना सुट्टे नेतात. नोटा मोजून होईपर्यंत बोलायला विषय एकच : "माणसं टिकत न्हाईत साहेब." का टिकत नाहीत याची कारणं मी वर्षानुवर्षं ऐकली. पहिलं कारण, मोबाइल. दुसरं, भाताची आवणी. पश्चिमेकडच्या आदिवासी गावांतली पोरं पाऊस लागला की आवणीला घरी जातात ती परत येत नाहीत. तिसरं, समोरचा पाचशे रुपये जास्त देतो. चौथं कारण खास जुन्नरचं आहे : बिबट्या. आमच्याकडं बिबटे इतके, की त्यांच्यासाठी माणिकडोहला स्वतंत्र निवारा केंद्र आहे. "पोऱ्या रात्री भांडी घासायला मागं गेला, उसात डोळे चमकले, सकाळी पोऱ्या गायब!" असं एका मालकानं मला डोळे मोठे करून सांगितलं. तोच पोऱ्या आठ दिवसांनी मला दोन किलोमीटर पुढच्या ढाब्यावर दिसला. त्या ढाब्याच्या मागं ऊस जास्त उंच होता. मी विचारलं, "काय रे, बिबट्याला भ्यालास ना?" तो टेबल पुसत म्हणाला, "बिबट्या निस्ता बघतो साहेब. शिव्या देत न्हाई."

आंबेगावातल्या एका हॉटेलवाल्यानं तर थेट तत्त्वज्ञानच मांडलं. तालुक्याचं ठिकाण घोडेगाव, बाजारपेठ मंचर आणि जुनं आंबेगाव गेलं डिंभे धरणाच्या पाण्याखाली. "ज्या तालुक्यात तालुक्याचं गावच टिकलं न्हाई, तिथं भांडीवाला काय टिकणार?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी त्याला दहाची बंडलं दिली.

बरं, माणूस टिकवायचा उपाय म्हणून सगळे एकच गोष्ट करतात : उचल देतात. आता उचल म्हणजे काय हे नारायणगावात कुणाला शिकवायला नको. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव, तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमाराला इथं फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. फडमालक कलावंतांना हंगामापूर्वी उचल देतो आणि हंगामभर ती फिटत राहते. हॉटेलवाल्यांनी ही पद्धत उचलली, पण अर्धीच. कारण तमाशात मालक स्वतः अनेकदा पायात चाळ बांधून उभा असतो किंवा हातात ढोलकी घेऊन. पोरांच्या आधी तो घामाघूम होतो. हॉटेलातला मालक मात्र पंख्याखाली बसून म्हणतो, "उचल दिलीय, जातो कुठं?" आणि तो जातोच. उचलीनं माणूस बांधला जातो, टिकत नाही. बांधणं आणि टिकणं यांतला फरक आम्हा कर्जखात्यातल्या लोकांना चांगला कळतो. तारण घट्ट असलं म्हणून कर्जदार आपल्यावर प्रेम करत नाही.

इथं मला माझं कॉमर्सचं शिक्षण आठवतं. ते क्वचितच आठवतं, म्हणून सांगून घेतो. हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५९ साली एक पुस्तक काढलं. पिट्सबर्गच्या इंजिनिअरांना आणि हिशेबनिसांना त्यानं विचारलं, की तुम्हाला कामात आनंद कशानं होतो आणि वैताग कशानं येतो? हिशेबनिसांना कुणी आनंदाबद्दल विचारलं, याबद्दलच मला हा माणूस आवडतो. त्याचा निष्कर्ष असा, की आनंदाची कारणं वेगळी आणि वैतागाची वेगळी. पगार आणि वरिष्ठाची वागणूक या गोष्टी त्यानं वैतागाच्या खात्यात टाकल्या. म्हणजे त्या मिठासारख्या. मीठ बरोबर पडलं म्हणून कुणी आचाऱ्याचा सत्कार करत नाही. पण नसलं तर ताट सरकवून उठतात.

त्याच्याही आधी, १९४८ साली, विल्यम फूट व्हाइट नावाच्या समाजशास्त्रज्ञानं शिकागोच्या खाणावळींवर अख्खं पुस्तक लिहिलं. गर्दीच्या वेळी वाढणाऱ्या मुली रडतात, त्या का रडतात, याचा या भल्या माणसानं शोध घेतला. त्याला एक मजेदार गोष्ट आढळली. वाढणारी मुलगी आत जाऊन आचाऱ्याला ओरडून ऑर्डर सांगते आणि आचारी मुद्दाम उशीर करतो. कारण पगारानं आणि मानानं तो मोठा, मग हिचा हुकूम का ऐकायचा? उपाय काय निघाला? मध्ये एक उभी सळई. मुलीनं चिठ्ठी त्या सळईला टोचायची आणि आचाऱ्यानं ती आपल्या हातानं काढून घ्यायची. हुकूम तोच, पदार्थ तोच, पण हुकूम आता माणसाकडून येत नाही, सळईकडून येतो. सळईपुढं कुणाला कमीपणा वाटत नाही. मानापमान फक्त संगीत नाटकात असतो असं मी समजत होतो. तो भटारखान्यात जास्त असतो.

आता हे सगळं मला शिकागोवरून का कळावं? माझ्या डोळ्यांसमोर रस्त्याच्या दोन बाजूंना दोन हॉटेलं होती. नावं सांगत नाही. मला तिथं अजून जेवायचं आहे.

अलीकडच्या हॉटेलच्या मालकाला सगळे तात्या म्हणत. वय साठीच्या पुढं, टोपी, कपाळाला बुक्का. पलीकडच्या मालकाला शेठ म्हणत. शेठ पगार थोडा जास्त देई, तात्या थोडा कमी. तरी पलीकडच्या पाटीवर ऑइलपेंट आणि तात्यांकडं खडूसुद्धा नाही. मासवडी करणाऱ्या मावशी तात्यांकडं चौदा वर्षं होत्या. मी एकदा तात्यांना गुपित विचारलं. ते म्हणाले, "गुपित कसलं? गल्ल्यावर बसणारानं तोंड रस्त्याकडं ठेवावं आन् कान भटारखान्याकडं. आत भांडं आपटलं तर समजायचं, माणसाला कायतरी म्हनायचंय. नुसतं पडलेलं भांडं येगळं वाजतं."

गर्दी ओसरली की दुपारी तीनला तात्या भटारखान्यात गोणपाटावर बसून पोरांच्या पंगतीला जेवत. त्याच पातेल्यातलं. त्यामुळं पोरांचं जेवण कधी बिघडलंच नाही. मालक स्वतः खाणार असला की डाळीला फोडणी पडते. एकदा पुण्या-मुंबईकडच्या एका गाडीतल्या पाहुण्यानं ग्लास फुटल्यावरून पोराच्या अंगावर हात उगारला. तात्या उठले, ग्लासाचे तुकडे स्वतः वेचले आणि पाहुण्याला हात जोडून म्हणाले, "बिल देऊ नका साहेब, पन पुन्हा येऊ पन नका." त्या एका वाक्याची किंमत तेव्हा साडेचारशे रुपये झाली. त्यावर त्यांना किती वर्षं व्याज मिळालं हे मी बँकेत असूनही काढू शकलेलो नाही.

मग २०२० चा मार्च आला. टाळेबंदी. रस्त्यावर चिटपाखरू नाही. शेठनं पोरांना सांगितलं, "मोकळे झालात, जावा." एस.टी. बंद, जाणार कुठं? कुणी पायी गेलं, कुणी ट्रकवर. तात्यांकडं सहा पोरं अडकली होती. तात्यांनी हॉटेलचं शटर खाली ओढलं आणि मागचं दार उघडं ठेवलं. दोन महिने सात माणसांचा स्वयंपाक, अर्धा पगार आणि वेळ घालवायला पत्ते. हॉटेलं उघडली त्या दिवशी तात्यांची भट्टी सकाळी सहाला पेटली. शेठ महिनाभर पाटी लावून बसला होता. ऑइलपेंट मात्र ताजं होतं.

हे एवढ्यावर संपलं असतं तर बोधकथा झाली असती, आणि मला बोधकथा पचत नाहीत. तात्यांचे गुडघे गेले. गल्ल्यावर मुलगा बसला. मुलगा शिकलेला, नीटनेटका, निर्व्यसनी. वाईट म्हणावं असं त्याच्यात काही नव्हतं, हीच पंचाईत. त्यानं आल्या आल्या सुधारणा केल्या. हजेरीला अंगठ्याचं यंत्र आणलं. भट्टीवर कॅमेरा बसवला. पोरांना एकसारखे टी-शर्ट दिले आणि पाठीवर नंबर टाकले. आता गल्ल्यावरून आवाज येऊ लागला, "तीन नंबर, पाणी! पाच नंबर, टेबल!" आमच्या बँकेत टोकन नंबर असतात, पण ते गिऱ्हाइकाला. क्लार्कला नंबर द्यायची हिंमत अजून सात मॅनेजरांपैकी एकालाही झालेली नाही.

मावशींना टी-शर्ट नव्हता, पण नंबर मिळाला : चार. आठ दिवस त्यांनी ऐकून घेतलं. नवव्या दिवशी "चार नंबर, मासवडीला किती वेळ?" असा आवाज आला. मावशी हात पुसत बाहेर आल्या आणि भर गिऱ्हाइकांत शांतपणे म्हणाल्या, "बाळा, चौदा वर्सं झाली. माजं नाव काय ते तुझ्या बापाला इचार." आणि चपला घालून निघून गेल्या. यंत्रावर जाताना अंगठासुद्धा लावला नाही.

महिन्याभरात सहापैकी चार पोरं गेली. नवा आचारी आला. त्याची मासवडी रश्श्यात पडल्याबरोबर पिठल्यात विलीन व्हायची. रोजची गिऱ्हाइकं आधी कुरकुरली, मग गप्प झाली, मग दिसेनाशी झाली. गिऱ्हाइकंही टिकण्यातलीच असतात, फक्त त्यांची पाटी लावता येत नाही. सोमवारच्या भरण्याचा आकडा मी सांगणार नाही, आमच्यावर गुप्ततेचं बंधन आहे. एवढंच सांगतो, की पूर्वी त्या नोटा मोजायला मशीन लावावं लागे, आता बोटं पुरू लागली.

एके दिवशी मुलगा कर्जाचा फॉर्म मागायला आला. ए.सी. फॅमिली रूम करायची म्हणे. "माणसं टिकत नाहीत काका," तो म्हणाला, "आणि गिऱ्हाईकही वातावरण बघतं हल्ली." क्लार्कनं सल्ला देऊ नये असा बँकेचा नियम नाही, पण प्रथा आहे. तरी मी त्याला बसवलं आणि ताज हॉटेलची गोष्ट सांगितली.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. मुंबईच्या ताजवर अतिरेकी शिरले. आतल्या नोकरवर्गाला मागची दारं, जिने सगळं पाठ होतं. मनात आणलं असतं तर आधी तेच बाहेर पडले असते. ते थांबले, आणि बाराशे ते पंधराशे पाहुण्यांना बाहेर काढायला झटले. त्यात अकरा कर्मचारी गेले. जनरल मॅनेजर करंबीर कांग यांची पत्नी आणि दोन मुलं त्याच इमारतीत गेली आणि तो माणूस कामावर उभा राहिला. माणूस टिकणं म्हणजे काय, याची याहून मोठी कसोटी मला ठाऊक नाही. पुढं हार्वर्डच्या रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी हे घडलं कसं, याचा अभ्यास करून २०११ साली लेख लिहिला. त्यांना काय सापडलं? ताजवाले मोठ्या शहरांतली नव्हे, तर लहान गावांतली मुलं घेतात. गुणपत्रिकेपेक्षा मुलगा वडीलधाऱ्यांशी कसा वागतो हे बघतात. इतर ठिकाणी बारा महिने शिकवतात, तिथं अठरा. आणि चांगल्या कामाची दखल वरचा माणूस लगेच घेतो.

या लेखात लहान गावांच्या यादीत पुण्याचं नाव आहे. हे मी पुण्यात अजून कुणाला सांगितलेलं नाही. पण मुलाला सांगितलं, "अरे, ताज जी पोरं हुडकायला शहराबाहेर पडतं, ती तुझ्या दारात आहुप्याकडून चालत आली होती. तू त्यांना नंबर दिलास."

तो म्हणाला, "पण काका, ते टाटांचं हॉटेल. आपलं मिसळीचं."

मुद्दा बरोबर होता, म्हणून मी खाली उतरलो. माटुंग्याला १९४२ साली उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढणारे रामा नायक स्वतः लहानपणी खानावळीच्या स्वयंपाकघरात राबलेले. उडपी हॉटेलांची खुबीच ही, की फडकं मारणारा पोरगा गल्ल्याकडं बघतो तेव्हा त्याला तिथं मालक दिसत नाही, वीस वर्षांनंतरचा आपणच दिसतो. आणि इंडियन कॉफी हाउस? १९५७ साली कॉफी बोर्डानं आपली दुकानं आवरती घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं कामगारांनीच सोसायट्या काढून ती चालवली. तिथं वेटरच मालक. स्वतःला सोडून कोण जाणार? आपल्याकडं साखर कारखाना सहकारी झाला, दूध सहकारी झालं, पतसंस्था तर गल्लोगल्ली. मिसळ तेवढी झाली नाही, ते बरंच झालं. चेअरमन कोण, हे ठरेपर्यंत तर्री गार झाली असती.

मुलगा फॉर्म न भरताच गेला. माझ्या भाषणाचा हा परिणाम असेल असं मी मानत नाही. कॅश काउंटरवरच्या बोलण्यानं आजवर कुणी सुधारल्याची नोंद नाही. घरी तात्यांनी त्याला काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण पुढच्याच आठवड्यात तो मोटरसायकल काढून मावशींच्या गावी गेला. पगार वाढवतो म्हणाला. मावशी म्हणाल्या, "पगाराचं बघू." उचल देतो म्हणाला. मावशी म्हणाल्या, "मला काय तमाशात जायाचंय?" मग त्यांनी एकच अट सांगितली. दुपारी तीनला त्यानं भटारखान्यात गोणपाटावर बसून सगळ्यांबरोबर जेवायचं. बापासारखं.

पहिल्या दिवशी तो बसला तो मांडीवर मोबाइल घेऊन. दुसऱ्या दिवशी डाळीत मीठ नव्हतं ते त्याला कळलं. तिसऱ्या दिवशी मोबाइल गल्ल्यावर राहिला. पंधरा दिवसांनी त्याला कळलं, की तीन नंबरच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, पाच नंबरला दहावीचा गणिताचा पेपर पुन्हा द्यायचा आहे, आणि पोरं पळून जातात ती आवणीनंतर नव्हे, आवणीला सुट्टी मागितल्यावर जे ऐकावं लागतं त्यानंतर. मी हे खर्चाच्या बाजूनं मांडून पाहिलं. गोणपाट एक, जुनं. किंमत शून्य. असा एक पैसाही न लागणारा उपाय दिसला, की आम्हा बँकवाल्यांना संशय येतो, कारण त्यावर कर्ज देता येत नाही.

मी हे सगळं सौभाग्यवतीला पुण्यात मोठ्या उत्साहानं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "यात हार्वर्ड कशाला हवं? आपल्या कामवाल्या मावशी अकरा वर्षं आहेत. मी आधी त्यांचा चहा गाळते, मग तुमचा." तेव्हा मला कळलं, की रविवारी माझा चहा इतका उशिरा आणि इतका पातळ का येतो.

कॅमेरा अजून आहे. टी-शर्टही आहेत, नंबर धुऊन धुऊन गेलेत. सगळी पोरं परत आली नाहीत, दोघं कायमचे गेले. गेलेला माणूस पाटीनं येत नाही. मावशी आहेत. गेल्या खेपेला गेलो तर मासवडी रश्श्यात अखंड होती आणि तोंडात नव्हती. हॉटेलच्या दाराशी मधल्या काळात रंगवलेली 'आचारी पाहिजे'ची पाटी तशीच होती, ऑइलपेंटचीच. तिच्यावर कुणीतरी चुना फासून खडूनं लिहिलं होतं : 'मावशी आवणीला गेल्यास मासवडी मिळणार नाही.'